हवाईयन स्टील गिटार रेडिओवर जिवंत ठेवायची तर काय लावावं, कसं लावावं?

लाटांकाठी

नमस्कार मंडळी. मी हवाईच्या ओआहू बेटावर राहते आणि इथल्या एका छोट्या, स्वयंसेवकांच्या जोरावर चालणाऱ्या रेडिओ स्टेशनवर आठवड्यातून एक तास जुनं हवाईयन संगीत लावते. सध्या नवीन वेळापत्रक ठरतंय. माझ्या तासासाठी सूचना आली आहे की बोलणं कमी करा, स्टील गिटारचे नुसते वाद्यसंगीताचे ट्रॅक एकामागून एक सोडा, ऐकणाऱ्याला समुद्रकिनारी पडून राहिल्यासारखं वाटलं पाहिजे. सूचना करणारी माणसं चांगली आहेत, त्यांना हे संगीत मनापासून आवडतं. पण असं केलं तर आपल्याच हाताने ते मारू, असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगते. हवाईत स्टील गिटार (इथल्या भाषेत कीका कीला) मुळात गाण्याच्या संगतीला बसते. गायकाची ओळ संपते, तो श्वास घेतो, तेवढ्या जागेत स्टीलवाला उत्तर देतो. कडवं संपलं की एक छोटा ठरलेला तुकडा येतो, त्याला व्हँप म्हणतात. हुला (हवाईचा पारंपरिक नाच) करणारी त्या तुकड्यावर पाय जुळवून घेते आणि पुढचं कडवं उचललं जातं. हा तुकडा प्रत्येक वादक आपल्या पद्धतीने वाजवतो. जाणकार कान तेवढ्यावरून वादक ओळखतात. गाणं काढून टाकून फक्त गिटार सोडली तर हे सगळं जातं आणि उरतो तो हॉटेलच्या लिफ्टमधला आवाज.

रेडिओ आणि स्टील गिटार यांचं नातं इथे जुनं आहे. ३ जुलै १९३५ ला वायकिकीच्या मोआना हॉटेलच्या अंगणातून, वडाच्या झाडाखालून, वेबली एडवर्ड्स या निवेदकाने 'हवाई कॉल्स' हा कार्यक्रम सुरू केला. शॉर्टवेव्हवरून तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर जायचा. तो १९७५ पर्यंत चालला आणि भरात असताना साडेसातशेच्या आसपास स्टेशनांवर ऐकू यायचा. लाटांचा आवाज पकडायला किनाऱ्यावर वेगळा मायक्रोफोन ठेवत, पाण्याचं तापमानही सांगत. या कार्यक्रमातून डेव्हिड केलीई, ज्यूल्स आह सी, बार्नी आयझॅक्स यांच्यासारखे एकाहून एक स्टीलवादक जगाने ऐकले. पण कार्यक्रमाच्या रेकॉर्ड निघाल्या तेव्हा वेष्टनावर मोठ्या अक्षरात नाव होतं एडवर्ड्स यांचं. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात बसून ज्याने ती गिटार ऐकली, त्याला ती कुणाच्या हातातली होती हे क्वचितच कळलं असेल.

माझा मुद्दा एवढाच आहे की रेडिओने वादकाचं नाव घ्यायला हवं. आधी घ्यावं, नंतरही घ्यावं. शक्य तर तो कुणाकडे शिकला तेही सांगावं. तुमच्यापैकी अनेक जण रेडिओ ऐकत वाढलेले आहेत, काही जण वाजवणारेही आहेत. तुम्हाला काय वाटतं?

दादरकर

ताई, एकदम जिव्हाळ्याचा विषय काढलात. आमच्या पिढीच्या कानात हवाईयन गिटार बसली ती विविध भारतीमुळे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं उरली की हिंदी सिनेमाच्या गाण्याची धून लागायची. कधी हार्मोनियम, कधी मेंडोलिन, पण फार वेळा गिटार. शब्द नसले तरी पहिल्या चार सुरांत गाणं ओळखायचं, हा घरातला खेळच होता. आणि तुम्ही म्हणता तेच इथेही व्हायचं. धून अर्धवट कापून 'अब सुनिये' सुरू. वाजवणारा कोण, पत्ता नाही.

मोठेपणी चोरबाजारात एचएमव्हीच्या छोट्या रेकॉर्ड हाताला लागल्या तेव्हा नावं कळली. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली, काझी अनिरुद्ध, बटुक नंदी. व्हॅन शिप्ली मूळचे लखनौचे, पण कारकीर्द आपल्या मुंबईत झाली, व्हायोलिनवरही तेवढाच हात. ही माणसं आपल्या शहरात राहत होती, आपण रोज त्यांना ऐकत होतो आणि आपल्याला ठाऊक नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामुळे तुमच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन.

एक विचारतो. हे वाद्य हवाईतून आपल्याकडे आलं कसं?

सदाशिव_गिटार

+१. वादक म्हणून थोडी भर घालतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: गिटार मांडीवर आडवी, तारा बोर्डापासून बऱ्याच उंचावर. उजव्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. डाव्या हातात लोखंडाचा गुळगुळीत तुकडा, तो दाबायचा नाही, तारांवर नुसता टेकवून सरकवायचा. पडद्याची पट्टी इथे फक्त खूण असते. तुकडा बरोबर तिच्या डोक्यावर आला तर सूर लागतो, केसभर इकडेतिकडे झाला की बेसूर. शिवाय तुकड्याच्या मागे एखादं बोट तारांवर अलगद टेकवून ठेवावं लागतं, नाहीतर मागची तारही वाजते आणि किणकिण ऐकू येते.

आपल्याकडे ही गिटार आली आणि मींडेत शिरली. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरासियांबरोबरची त्यांची १९६७ ची रेकॉर्ड घरोघरी पोचली. पुढे विश्वमोहन भट्ट, देबाशिष भट्टाचार्य. आपण मुख्यतः एका तारेवर सूर ओढत गेलो. हवाईवाले दोन-तीन तारा एकदम वाजवतात आणि लोखंड तिरकं धरून वेगवेगळ्या पडद्यांवरचे सूर एकत्र सरकवतात. ऐकायला लोण्यासारखं, करायला महाकठीण. मी तिरक्या लोखंडाचा रियाज रोज करतो आणि वरची तार अजून हमखास चढी लागते.

लाटांकाठी, तुमच्या तासात अशा गोष्टी सांगता का? "आता जो सूर सरकेल तो तिरक्या लोखंडाने" एवढं वाक्य आधी कानावर पडलं तर सामान्य श्रोताही सावरून बसेल.

लाटांकाठी

@सदाशिव_गिटार, हेच करायचं आहे. तुमचं वाक्य उचलतेय.

@दादरकर काका, उगमापासून सांगते. या वाद्याचं श्रेय इथे जोसेफ केकुकू यांना देतात. जन्म १८७४, ओआहूच्या उत्तरेकडचं लाइए गाव. शाळकरी वयात, १८८९ च्या सुमारास, लोखंडी तुकडा गिटारच्या तारांवर सरकवून त्यांनी ही पद्धत शोधली. कामेहामेहा शाळेत असताना त्यावर मेहनत घेतली, सोबतची मुलं त्यांच्याकडून शिकली. १९०४ मध्ये ते मुख्य भूमीवर गेले, नंतर युरोपही फिरले आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारले. परत आलेच नाहीत.

दुसरी एक नोंद आपल्या कानांना टोचेल अशी आहे. केकुकूंच्या आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या तरुणाला होनोलुलूत गिटारवर असं काहीतरी सरकवून वाजवताना पाहिल्याच्या आठवणी लोकांनी सांगितल्या आहेत, आणि त्याला लहानपणी भारतातून जहाजावर पळवून आणलं होतं असं त्यात म्हटलंय. यावरून आपल्याकडचे काही जण "बघा, वाद्य मुळात आपलंच" म्हणायला धावतात. मला ते पटत नाही. विचित्रवीणेवर काच सरकवतात हे खरं, पण या मुलाला ती ठाऊक होती याला काहीही आधार नाही. तंत्र बांधलं, शिकवलं, जगभर नेलं ते हवाईच्या लोकांनी.

भारतात येण्याचा ठळक दुवा म्हणजे टाऊ मो. जन्म सामोआतला, वाढले लाइएमध्येच. बायको रोझ आणि मुलांसह ते जगभर कार्यक्रम करत फिरले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले. तिथे त्यांनी वाजवलं, शिकवलं. कलकत्त्याचे गार्नी निस आणि त्यांचे अलोहा बॉइज आकाशवाणीवरून हवाईयन संगीत वाजवायचे, ते याच काळातले. बंगालमध्ये हे वाद्य इतकं का रुजलं याचं उत्तर बरंचसं इथे आहे. मो कुटुंब पुढे कित्येक दशकं भटकून लाइएला परतलं. टाऊ मो २००४ मध्ये गेले.

मंदार_बे

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. हेतू चांगला आहे, पण रेडिओच का? आज कुणालाही सॉल होओपीईसारखा जुना स्टीलवादक ऐकायचा असेल तर फोनवर दोन सेकंदांत मिळतो. खाली कॉमेंटमध्ये जाणकार लोक साल, साथीदार, तारांची जुळवणी सगळं लिहून ठेवतात. तुमच्या एका तासापेक्षा ही माहिती जास्त टिकेल.

दुसरं, 'हवाई कॉल्स'ला परंपरा म्हणणं मला खटकतं. तो पर्यटकांना बोलावण्यासाठीचा कार्यक्रम होता. त्यात इंग्रजी शब्दांची, "चंद्र, नारळ, सुंदर मुलगी" छापाची गाणी भरपूर होती. तो स्टील गिटारचा सुवर्णकाळ म्हणायचा की तिला पोस्टकार्डवर चिकटवण्याचा काळ?

शुभांगी_के

मंदार, दुसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पहिल्याशी सहमत नाही. फोनवर मिळतं ते ज्याला नाव माहीत आहे त्याला. माझ्या आईला 'सॉल होओपीई' टाईप करायचं सुचणारच नाही. रेडिओवर न मागितलेलं कानावर पडतं. मला कुमार गंधर्व रेडिओवरच पहिल्यांदा भेटले, मागितले नव्हते.

लाटांकाठी

मंदार, दुसऱ्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते, कारण इथे हवाईतही याच मुद्द्यावर भांडण झालं आहे आणि त्यात स्टील गिटारचं मोठं नुकसान झालं.

१८९६ च्या कायद्याने शाळांमधलं शिक्षण इंग्रजीत आलं आणि हवाईयन भाषा दोन-तीन पिढ्यांत घराघरातून मागे हटली. दुसरीकडे १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या दालनात हे संगीत वाजलं आणि अमेरिकेला वेड लागलं. १९१६ मध्ये तिथे हवाईयन रेकॉर्डचा खप इतर सगळ्या प्रकारांच्या पुढे गेला अशी नोंद आहे. म्हणजे भाषा घरातून जात होती आणि त्याच वेळी गिटारचा आवाज जगभर विकला जात होता. तू म्हणतोस ते पोस्टकार्ड तिथेच छापायला सुरुवात झाली, 'हवाई कॉल्स'च्या वीस वर्षं आधी.

१९७० च्या दशकात इथे जागृती झाली. भाषा, हुला, होड्या, जमिनीचा हक्क, सगळं एकदम उसळून आलं. रेडिओने त्यात मोठं काम केलं. होनोलुलूचं केसीसीएन, एएम १४२०, हे स्टेशन १९६६ पासून फक्त हवाईयन संगीत लावायचं. तिथेच १९७२ पासून लॅरी किमुरा यांनी 'का लेओ हवाई' हा पूर्णपणे हवाईयन भाषेतला कार्यक्रम चालवला. ज्यांची मातृभाषा अजून शाबूत होती अशा म्हाताऱ्या माणसांना स्टुडिओत बोलावून ते गप्पा मारायचे. आज भाषा शिकणारी मुलं त्या ध्वनिफिती ऐकून उच्चार शिकतात. १९७८ मध्ये हवाईयन राज्याची अधिकृत भाषा झाली.

पण या लाटेत तरुणांनी उचललं स्लॅक की, म्हणजे तारा सैल जुळवून बोटांनी छेडायची गिटार. स्टील गिटारवर हॉटेलचा शिक्का बसला होता, ती 'पर्यटकांची' ठरली. हा अन्याय होता. ज्या गॅबी पाहिनुईंना स्लॅक कीचे दैवत मानतात ते स्वतः उत्तम स्टीलवादक होते. आणि 'सन्स ऑफ हवाई' हा गट, ज्याच्यामुळे जुनी गाणी पुन्हा मानाने गायली जाऊ लागली, त्याच्या मध्यभागी डेव्हिड 'फीट' रॉजर्स यांची स्टील होती. मोजके सूर, एकही जास्त नाही. त्यांची तारांची जुळवणी घराण्यातली होती आणि ते ती बाहेर सांगत नसत. यात पोस्टकार्ड कुठे आहे?

म्हणूनच माझ्या तासात मी 'हवाई कॉल्स'मधले तुकडे लावते, त्यांना हेतू चिकटलेला होता हे सांगते आणि लगेच त्याच वादकाचं हवाईयन शब्दांच्या गाण्यातलं काम लावते. श्रोत्याला फरक सांगावा लागत नाही, ऐकू येतो.

आता रेडिओच का. शुभांगीताईंनी निम्मं उत्तर दिलंय. उरलेलं असं की रेडिओ एका वेळी एका गावाला ऐकू येतो. माझ्या तासात वाजलेल्या माणसाची नात दुसऱ्या दिवशी दुकानात भेटते. हॅरी बी. सोरिया ज्युनियर यांनी १९७९ मध्ये 'टेरिटोरियल एअरवेव्ज' सुरू केला आणि चार दशकांहून जास्त काळ जुन्या रेकॉर्ड गावकऱ्यांसमोर ठेवल्या, गायक-वादकांच्या कहाण्यांसकट. आज इथे कुणालाही १९३० च्या दशकातल्या हवाईयन बँडबद्दल काही ठाऊक असेल तर त्यात त्या आवाजाचा वाटा आहे.

आणि हो, स्टेशनं कायमची नसतात. त्या १४२० वर पुढे खेळांच्या गप्पा सुरू झाल्या. एफएमवर १९९० नंतर रेगेच्या ठेक्यावरचं बेटांचं संगीत आलं, तरुणांना आवडलं, त्यात स्टीलला जागा नव्हती. जागा मागून मिळत नाही, दर आठवड्याला बसून राखावी लागते.

मंदार_बे

सन्स ऑफ हवाई आत्ताच ऐकले. फीट रॉजर्सबद्दल मान्य. पोस्टकार्डचा मुद्दा मी सोडत नाही, पण तो वादकांना लागू नाही, कार्यक्रम बनवणाऱ्यांना लागू आहे एवढी दुरुस्ती स्वीकारतो.

प्रक्षेपण

मी आकाशवाणीत अभियांत्रिकी विभागात नोकरी केली, आता निवृत्त. मजकुराबद्दल तुम्ही सगळे बोललात, मी आवाजाबद्दल बोलतो. स्टील गिटार रेडिओवर बिघडते ती बहुतेक वेळा जुन्या तबकडीवरून संगणकावर ट्रान्सफर करताना.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका. एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासते आणि फक्त खरखर उचलते. ७८ ला सुमारे तीन पट जाड टोकाची सुई लागते. आवाज मोनो आहे, तेव्हा दोन्ही चॅनेल एकत्र करा, उभ्या दिशेचा निम्मा गोंगाट तिथेच जातो. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रत्येक कंपनीचा सूर-समतोल (खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण) वेगळा असायचा, आजच्या फोनो प्रीअँपचा ठरलेला समतोल तिथे चालत नाही, कानाने जुळवावा लागतो.

सगळ्यात मोठा घात सॉफ्टवेअर करतं. खटखट काढायचं बटण दाबलं की ते नखीचा आघातही खटका समजून खाऊन टाकतं. आणि सरसकट गोंगाट कमी केला की हार्मोनिक, म्हणजे तार अलगद स्पर्शून काढलेला घंटेसारखा सूर, विझून जातो. थोडी खरखर राहू द्या. कान ती दोन मिनिटांत विसरतो, गेलेला सूर मात्र परत येत नाही.

वेगही तपासा. १९२५ च्या आधीच्या तबकड्या कागदावर ७८, प्रत्यक्षात ७४ ते ८२ कुठेही असू शकतात.

सदाशिव_गिटार

प्रक्षेपण काका, हे सोन्यासारखं आहे. वेग तपासायला एक युक्ती: मोकळ्या तारांवरचे हार्मोनिक शोधा. जुन्या हवाईयन वादकांत ए मेजरची जुळवणी फार चालायची. हार्मोनिक ए आणि ए फ्लॅटच्या मधे कुठेतरी लटकत असतील तर आधी वेगावर संशय घ्यावा. हा पुरावा नाही, पण सुरुवात करायला बरा.

कायद्याचं_बोला

परवानगीचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो, कारण छोट्या स्टेशनला हे कामाचं आहे.

अमेरिकेत एएम-एफएमवर गाणं वाजलं की रचनाकार आणि प्रकाशकाला मानधन जातं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काहीही नाही. इंटरनेटवर तेच प्रसारण गेलं तर साउंडएक्स्चेंज या वसुली संस्थेमार्फत ध्वनिमुद्रणाचे पैसे निघतात: ५० टक्के मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला. स्टीलवादक जवळजवळ नेहमी त्या शेवटच्या पाच टक्क्यांतला. तेव्हा लाटांकाठी म्हणतात तसं नाव घेणं ही फक्त भावनेची गोष्ट नाही. हवेवरच्या प्रसारणात त्या माणसाला मिळू शकणारी ती एकमेव गोष्ट आहे.

दुसरं, २०१८ च्या कायद्यानंतर १ जानेवारी २०२२ ला अमेरिकेतली १९२३ च्या आधीची सगळी ध्वनिमुद्रणं एकदम कॉपीराइटमधून मुक्त झाली आणि २०२४ पासून दरवर्षी आणखी एकेक वर्ष मुक्त होतंय. म्हणजे पाले के. लुआ, फ्रँक फेरेरा या जुन्या स्टीलवादकांच्या सुरुवातीच्या तबकड्या बिनधास्त वापरा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्समध्ये अशा बऱ्याच आहेत.

लाटांकाठी

@कायद्याचं_बोला, "मिळू शकणारी एकमेव गोष्ट" हे वाक्य उद्याच्या बैठकीत मांडणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते.

@प्रक्षेपण, तुमची पोस्ट भाषांतर करून आमच्या स्टुडिओत भिंतीवर लावली आहे. याला जोडून थेट प्रक्षेपणाचा एक अनुभव.

मागे एक नववीतली मुलगी स्टुडिओत वाजवायला आली होती. सोबत गायला तिची मावशी, युकुलेलेवर मावसभाऊ. आमच्या तंत्रज्ञाने सवयीने गिटारची वायर थेट मिक्सरमध्ये घातली. आवाज आला, पण पातळ, पत्र्यासारखा. मुलगी काही बोलेना, मावशी म्हणाली, हा तिचा आवाज नाही. मग मुलीचा छोटा अँप खुर्चीवर ठेवला, समोर वीतभर अंतरावर मायक्रोफोन, स्पीकरच्या मधोमध न धरता जरा कडेला. लगेच आवाजाला पोट आलं. लोखंडाची सळसळ थोडी यायला लागली तेव्हा तंत्रज्ञ वरचे सूर कापायला निघाला, मी त्याचा हात धरला.

मावशीने गायला सुरुवात केली. पहिल्या कडव्यात मुलगी घाबरून गाण्यावरच वाजवत होती, शब्द झाकत होती. मावशीने गाता गाताच हाताने 'थांब' अशी खूण केली. दुसऱ्या कडव्यापासून मुलगी ओळ संपेपर्यंत थांबायला लागली, आणि थांबल्यावर तिला काय वाजवायचं ते सुचायला लागलं. शिकवणं आणि शिकणं दोन्ही हवेवर गेलं. ते पहिलं कडवं कापून पुन्हा ध्वनिमुद्रित करू असं मला सुचवलं होतं, मी नको म्हटलं.

कार्यक्रम संपायच्या आत फोन आला. एक आजोबा होते. त्यांनी गाण्याचं नाव विचारलं नाही, स्टीलवर कोण आहे आणि कुणाकडे शिकते एवढंच विचारलं.

खानदेशी_सूर

वाचनमात्र होतो, आता राहवत नाही. लाटांकाठी ताई, आमच्यासारख्या कोऱ्या माणसाने कुठून सुरुवात करावी? आणि आज शिकवतं कोण? जुन्यांचीच नावं येतायत, नवे कुणी नाहीत का?

लाटांकाठी

@खानदेशी_सूर, सॉल होओपीईपासून सुरुवात करा, १९२० च्या दशकातलं त्रिकूट. वेग आणि खेळकरपणा दोन्ही आहेत, कंटाळा येणं अशक्य. मग थेट फीट रॉजर्स, म्हणजे एकाच वाद्याची दोन टोकं कळतील. नंतर बार्नी आयझॅक्स. आणि गाण्यासाठी जीनोआ केआवे. त्यांचा उंच जाणारा गळा आणि खाली चालणारी स्टील हे ऐकल्यावर मी वर 'संगत' म्हणते ते काय, हे आपोआप समजेल.

शिकवणाऱ्यांत जेरी बर्ड यांचं नाव मानाने घ्यावं लागतं. ओहायोचा माणूस, लहानपणी या आवाजाच्या प्रेमात पडला, कंट्री संगीतात मोठं नाव कमावलं आणि १९७२ मध्ये हवाईत येऊन राहिला. तेव्हा इथे तरुण स्टीलवादक दुर्मीळ झाले होते. त्यांनी ॲलन अकाका, केसी ऑल्सेन, ग्रेग सार्डिन्हा, ओवाना सालाझार यांना शिकवलं. बाहेरून आलेल्या माणसाने बेटांचं वाद्य बेटांच्या मुलांच्या हातात परत ठेवलं, हे इथले लोक खुल्या मनाने मान्य करतात. ते २००५ मध्ये गेले. ॲलन अकाका आता स्वतः शाळा चालवतात, मुलांना रंगमंचावर आणतात, त्यामुळे नवे आहेत, नक्की आहेत. जेफ आउ होय, बॉबी इंगानो यांनाही शोधून ऐका. अडचण वादकांची नाही. त्यांना ऐकू येण्याची जागा कमी आहे.

दादरकर

बैठकीचं काय झालं?

लाटांकाठी

काका, झाली. पूर्ण जिंकले नाही. तासाची शेवटची पंधरा मिनिटं नुसत्या वाद्यसंगीताला द्यायची असं ठरलंय, पण प्रत्येक तुकड्याआधी वादकाचं नाव घ्यायचं, ही अट मी लिहून घेतली. उरलेली पंचेचाळीस मिनिटं माझ्या पद्धतीने. महिन्यातून एकदा शिकणाऱ्या मुलांचं थेट वादन, अँपसमोर मायक्रोफोन लावून. आणि स्टेशनच्या पानावर गाण्यांची यादी टाकतो त्यात गायकाच्या शेजारी 'स्टील' असा वेगळा रकाना आजपासून सुरू केलाय. काही ओळींत तो रिकामा आहे. तो भरायला इथल्या म्हाताऱ्या श्रोत्यांची मदत घ्यायला सुरुवात केली आहे, कालच दोन नावं फोनवरून मिळाली.

@दादरकर, माझी एक विनंती. विविध भारतीवर वाजायच्या त्या धुनांच्या रेकॉर्ड तुमच्याकडे आहेत म्हणालात. टाऊ मो ते कलकत्ता ते मुंबई असा एक पूर्ण तास करायचा विचार आहे. वेष्टनाच्या मागच्या बाजूचे फोटो पाठवाल का? साथीदारांची नावं छापली असतील तर तीही हवी आहेत.

दादरकर

आज रात्रीच काढतो. व्हॅन शिप्लींच्या चार आहेत, हजारा सिंगांच्या दोन. एका रेकॉर्डवर साथीदार छापलेत, बाकीच्यांवर नाहीत. ज्यांवर नाहीत त्यांच्यासाठी जुन्या स्टुडिओत वाजवलेले एक ओळखीचे गृहस्थ आहेत, गोव्याचे, आता वांद्र्याला असतात. रविवारी त्यांच्याकडे रेकॉर्ड घेऊनच जातो. प्रसारण आपल्याकडे किती वाजता ऐकू येईल?

लाटांकाठी

इथे रविवारी संध्याकाळी ६, म्हणजे तुमच्याकडे सोमवारी सकाळी साडेनऊ. इंटरनेटवर ऐकू येतं, लिंक व्यनि करते. त्या गृहस्थांना विचाराल तेव्हा, ते तयार असतील तर, फोनवर ध्वनिमुद्रण करा. दोन मिनिटं बोलले तरी चालेल, मराठी, कोकणी, इंग्रजी, जी येईल त्या भाषेत. मी तसंच लावेन.